तो कुणाचा पाहुणा नसावा

सांगली,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

धाकट्या भावानं मोठ्या बहिणीला नमस्कार लिहायचा असतो, तो लिहिला असं समज. आशीर्वाद मात्र लगेच देऊ नकोस. आधी पत्र पूर्ण वाच.

आई-बाबा बरे आहेत. बाबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढं ढकललंय. आईनं तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलंय आणि त्या डब्याला मला हात लावू देत नाही. माधवनगरात बाकी सगळं जागच्या जागी आहे, मीसुद्धा.

शाळेच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकली असशील. कारण सरळ आहे. तुझा फोन दाजींच्या हातात असतो. नाही म्हणू नकोस. रविवारी मी पाठवलेल्या मेसेजला तुझ्या नावानं अंगठ्याचं चित्र आलं. तू मला जन्मात कधी अंगठा पाठवलेला नाहीस, तू शिव्या पाठवतेस. तेव्हाच ठरवलं की तुझ्या घरी काही कळवायचं नाही, कोरेगावची शाळा बरी. पाकिटावर 'वैयक्तिक' असं लिहिणार होतो, पण मग तुमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यात आधी तेच फुटलं असतं. म्हणून कोपऱ्यात 'विज्ञान प्रदर्शनाचे नियम' असं लिहिलंय. माफ कर. मी संशयी आहे हे तू लहानपणापासून सांगत आलीस, आता त्यात भर पडलीय एवढंच.

तर, परवा बुधवारी माझा इंटरव्ह्यू झाला.

एप्रिलपासून मी घरी आहे. आल्यागेल्याला बाबा 'घरूनच काम करतो तो' असं सांगतात आणि मी समोर लॅपटॉप उघडा ठेवून बसतो. सात वर्षांचा अनुभव असलेला माणूस पाहुण्यांसमोर नुसता कीबोर्ड बडवतोय, हे कसं वाटतं ते तुला काय सांगू? त्यात ही कंपनी आली. मूळ पुण्याची, पण विश्रामबागेत शाखा काढलीय. घरचा डबा खाऊन नोकरी. एवढी एक मिळाली असती तर मला दुसरं काही नको होतं.

मी जाणार हे घराबाहेर फक्त दाजींना माहीत होतं. सहज बोलून गेलो होतो. त्यानंतर चार दिवसांत त्यांचे तीन फोन. पहिल्यांदा म्हणाले, "ती कंपनी बरी नाही रे, नको जाऊस." दुसऱ्यांदा म्हणाले, "पुण्यात बघ की, मी शब्द टाकतो." तिसऱ्यांदा विचारलं, "इंटरव्ह्यू घेणार कोण आहे? नाव कळलं का?" मला नाव माहीत नव्हतं. पण माझ्या इंटरव्ह्यूची एवढी काळजी दाजींना कशाला? मला वाटलं, धाकट्या मेव्हण्याचं बरं झालेलं त्यांना बघवत नाही. खरं सांगतो, असंच वाटलं.

दहाला बोलावलं होतं. दारात नानासो नावाचा वॉचमन. म्हणाला, "साहेब, मोबाईल, घड्याळ, पाकीट, समदं हितं ठिवा."

"पाकीट कशाला?"

"मला काय म्हाईत? परवा एकानं कानात कायतरी घालून आनलं हुतं, भाईरनं कोनतरी उत्तरं सांगत हुतं त्येला. तवापास्नं लय कडक झाल्यात. कान दावा."

दाखवले. दोन्ही. दाजींनी कानपिळीला दिलेलं घड्याळसुद्धा काढून त्याच्या ट्रेमध्ये ठेवलं. मग एक वाजेपर्यंत बाकावर. माझ्या आधी आत गेलेली मुलगी डोळे पुसत बाहेर आली. आत काय विचारतात ते मी तिला विचारणार, तेवढ्यात नानासो म्हणाला, "आपसात बोलायचं न्हाई." बाकाच्या बरोबर वर कॅमेरा होता.

आत दोघं होती. विश्वजित नावाचे सर, चाळिशीचे, बोलणं इस्लामपूरकडचं. आणि फॉर्म भरणाऱ्या भार्गवी मॅडम. मला कोरा कागद आणि पेन्सिल दिली. एक यादी उलटी करायचा प्रोग्राम लिहा म्हणाले, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला. लिहिला. सरांनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा लिहा." पुन्हा लिहिला. दोन्ही कागद शेजारीशेजारी धरून बघितले. "आता पाठ न केल्यासारखा लिहा." ताई, पाठ न केल्यासारखा म्हणजे कसा? चुका करून? तिसऱ्यांदा रागानं लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं. ते त्यांना दिसलं आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मी छताकडं बघितलं तर "तिकडं काय आहे?", खाली बघितलं तर "मांडीवर काय आहे?" सात वर्षं काम केलेल्या माणसाला पाकीटमारासारखं वागवायचं आणि वर म्हणायचं, रिलॅक्स.

मध्येच मॅडमनी घरची चौकशी केली. घरी कोण, बहीण कुठं दिलीय, मिस्टर काय करतात. म्हटलं, बहीण साताऱ्याला, दाजी याच लाइनमध्ये, घरूनच काम करतात. कुठली कंपनी, तर तेही सांगितलं. सांगलीत हे सगळेच विचारतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण विश्वजित सरांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं.

मग त्यांनी डेडलॉक विचारला. म्हणजे दोन कामं एकमेकांत अडकून दोन्ही ठप्प होतात, तो प्रकार. मला बरं वाटलं, कारण हे माझं हुकमी उत्तर आहे. म्हटलं, गळिताच्या दिवसांत अरुंद पुलावर दोन्हीकडून उसाचे ट्रॅक्टर येतात, दोघांना डबल ट्रॉली. ती मागं घेता येत नाही. अर्धा पूल ह्याच्याकडं, अर्धा त्याच्याकडं, आणि दोघंही दुसऱ्याच्या अर्ध्याची वाट बघत उभे. उपाय एकच, पुलाच्या तोंडाशी फडकं घेऊन एक माणूस उभा करायचा. त्यानं फडकं दाखवल्याशिवाय कुणी पुलावर चढायचं नाही.

विश्वजित सर कागदाकडं बघत होते. तसंच बघत म्हणाले, "आणि तो माणूस कुठल्याच ट्रॅक्टरवाल्याचा पाहुणा नसावा."

ताई, ते माझं पुढचं वाक्य होतं. शब्दाला शब्द.

"हे कुठं ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही सर. माझंच आहे."

त्यांनी मॅडमना चहा सांगायला बाहेर पाठवलं. मग सावकाश म्हणाले, "अडीच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या कंपनीत होतो. फोनवर एका मुलाचा इंटरव्ह्यू घेतला. रेंज नाही म्हणून त्यानं कॅमेरा बंद ठेवला होता. त्यानं हेच सांगितलं. मी पण उसाच्या भागातला, मी खूश झालो आणि त्याला घेतला. रुजू झाल्यावर सगळ्या टीमसमोर म्हटलं, तुझी ती ट्रॅक्टरची गोष्ट सांग. त्याला कसली गोष्ट तेच कळेना. मी वर बोललो, पण हातात पुरावा नव्हता. मग मीच ती कंपनी सोडली, तो अजून तिथंच आहे." मग विचारलं, "तुमच्या दाजींचं नाव अनीश शेंडे का?"

मी हो म्हटलं की नाही, ते मला आठवत नाही.

आता तुला वाटेल, मी दाजींवर काहीतरी ढकलतोय. इथपर्यंत लिहून मी अर्धा तास उठून गेलो होतो. विश्वजित सर या कंपनीत आलेत हे दाजींना ठाऊक असणार. त्यांनी तीन फोन का केले हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं, आणि तुला ते समजावून सांगायचं तर मागचं सांगावंच लागेल. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. मेतकूट आणि मोतीबिंदू ही नुसती टाळाटाळ.

तुमचा साखरपुडा झाला, पत्रिका छापून आल्या, आणि लग्न अठरा दिवसांवर असताना दाजींची आधीची नोकरी गेली. हे तुला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. बाबांनी तर आधीच बजावलं होतं, नोकरी पक्की असेल तरच अक्षता. दाजी एक दिवस सांगलीला आले, मला गच्चीवर नेलं. म्हणाले, "माझ्या वडिलांनी तुमच्याकडून हुंडा घेतला नाही, मानपान मागितला नाही. मी तुझ्याकडं एकच मागतो. हा इंटरव्ह्यू तू दे. माझ्या नावानं." मला परीक्षेत भीती वाटत नाही आणि त्यांचे हातपाय गळतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी माझे हात धरले होते. होणाऱ्या नवरदेवाला नाही कसं म्हणायचं? मुलीकडची माणसं आपण. मी हो म्हटलं. आणि तुझ्या खोलीत बसून, चाळीस मिनिटं, मी अनीश शेंडे झालो.

नोकरी लागली. लग्न झालं. मांडवात कान पिळला तेव्हा ते हळूच म्हणाले, "आणखी जोरात पीळ, मला लागायला हवं." सगळे हसले, मी पण हसलो.

बुधवारी कुणी चुगली केली नव्हती. मीच माझ्या तोंडानं ते सगळं टेबलावर ठेवलं.

निघताना विश्वजित सरांनी सांगितलं ते असं. चोवीस तारखेपर्यंत मी त्यांना लेखी कळवायचं की अडीच वर्षांपूर्वी फोनवर कोण बोललं. खरं लिहिलं तर माझ्या बाबतीत ते 'मोकळ्या मनानं विचार करतील'. त्यांच्या जुन्या कंपनीला मात्र ते कळवणारच. नाही लिहिलं तर माझ्या अर्जावर 'उत्तरं चोरली' असा शेरा जाईल, आणि या धंद्यात असे शेरे कुठून कुठं फिरतात ते मला माहीत आहे. मोकळ्या मनावर माझा विश्वास नाही. माझ्याकडून लिहून घेतील, दाजींना घालवतील आणि मलाही दारात उभं करणार नाहीत. तसंही होईल. खाली नानासो म्हणाला, "न्हाई झालं व्हय?" मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "समदी असंच म्हनत्यात," आणि माझं घड्याळ परत दिलं.

लिहिलं तर तुझं घर हलेल. नाही लिहिलं तर माझा रस्ता बंद. आईबाबांना विचारू शकत नाही. दाजींना विचारलं तर ते काय म्हणतील ते आत्ताच सांगतो. उरलीस तू.

आणि एक विचारायचं आहे. अडीच वर्षं विचारायचं टाळलं. त्या इंटरव्ह्यूच्या दिवशी गुरुवार होता. अकराचा फोन होता. आईला तू साडेदहालाच देवळात पाठवलंस, बाबांचा रेडिओ बंद केलास, आणि कुकर लावला नाहीस. गुरुवारी आपल्याकडं वरण-भात नाही असं कधी झालंय? त्या दिवशी थालीपीठं खाल्ली. बाबांनी विचारलं, तर म्हणालीस, कुकरची शिट्टी बिघडलीय. दुसऱ्या दिवशी ती वाजत होती.

तुला माहीत होतं का, ताई? माहीत नसलं तर हे पत्र तुझ्यावर वीज पडल्यासारखं होईल, त्याबद्दल काय म्हणू? आणि माहीत असलं तर एवढे दिवस तू माझ्याशी दर रविवारी काय बोलत होतीस?

उत्तर घरी पाठव, पण पाकिटावर तुझं नाव घालू नकोस. दाजींना यातलं काही दाखवू नकोस.

तुझा,
अनीश शेंडे झालेला भाऊ,
निमिष

०

सातारा,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

प्रिय निमिष,

अनेक उत्तम आशीर्वाद. पूर्ण पत्र वाचून देते आहे.

विज्ञान प्रदर्शनाचे नियम मुख्याध्यापिकांनीच उघडले, कारण प्रदर्शन त्यांच्याकडं आहे. 'प्रिय ताई' वाचून बंद केलं आणि माझ्या हातात दिलं. एवढी हुशारी केली नसतीस तर सरळ माझ्या टेबलावर आलं असतं, गाढवा. अंगठा यांनीच पाठवला होता, तेवढा संशय खरा.

हो, मला माहीत होतं.

गच्चीवरून तुम्ही दोघं उतरलात तेव्हा तुमचे चेहरे बघून मी यांना जिन्यातच गाठलं. म्हणाले, काही नाही, निमिषकडून थोडी तयारी करून घेतोय. तेवढ्यावर मी ओळखलं. मी थांबवू शकत होते. बाबांना एक शब्द सांगितला असता तर लग्न पुढं गेलं असतं, चार लोक बोलले असते, संपलं असतं. मला तेवढं नको होतं. मला ते लग्न त्याच तारखेला हवं होतं. तांदूळ धुतलेले होते, ते मी तसेच पाण्यात ठेवले आणि तुझ्या दाराबाहेर पाटावर बसून चाळीस मिनिटं ऐकलं.

आणि 'माझंच आहे' म्हणून सांगितलंस होय रे? रहिमतपूरच्या पुढं त्या पुलावर आपली एसटी दीड तास अडकली होती. तू कॉलेजात डेडलॉकच्याच पेपरात नापास होऊन मामाकडं तोंड लपवायला निघाला होतास. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. खिडकीतून बोट दाखवून ट्रॅक्टर मी दाखवले, आणि पाहुण्याचं ते वाक्यही माझं. तुला आठवत नाही, यावर माझा विश्वास आहे. पण त्या दिवशी दाराबाहेर ते ऐकताना मला हसू आलं आणि नंतर बराच वेळ वाईट वाटलं. माझं उदाहरण, तुझा आवाज, यांचं नाव. त्या नोकरीत तिघंही होतो, फक्त मला तिथं कुणी विचारलेलं नव्हतं.

यातून एक सुटका निघते. ती तुलाही दोन मिनिटांत सुचेल म्हणून मीच सांगते. सरांना लिही, उदाहरण माझ्या बहिणीचं, तिनं भावालाही सांगितलं आणि होणाऱ्या नवऱ्यालाही, टीमसमोर तो नुसता गडबडला. अर्धं खरं आहे आणि बाकीचं कुणाला खोडता येणार नाही. तुझी चोरी पुसली जाते, यांची नोकरी राहते. सोमवारपासून मी ते वाक्य मनात घोळवतेय. फार सोयीचं आहे. कोरेगावच्या गाडीत बसले की तेच, वर्गात फळ्याकडं वळले की तेच.

काल शाळेतून आले तर हे आतल्या खोलीत मीटिंगला बसले होते. कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि कुणी नाव घेतलं की दचकत होते. अडीच वर्षं मी हे बघतेय. फोन वाजला की आधी माझ्याकडं बघतात, मग उचलतात. माझा फोनही त्यासाठीच हातात घेतात, तुझं काही आलंय का ते बघायला. मी तुझं पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. तू दाखवू नकोस म्हणाला होतास. दाखवलं.

त्यांनी पूर्ण वाचलं. मला वाटलं, तुझ्यावर भडकतील. ते एवढंच म्हणाले, "तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी पत्राची घडी जशी होती तशी परत घातली. ते माझ्यापासून लपवत होते आणि मी, मला माहीत आहे हे, त्यांच्यापासून. एका घरात. जेवताना भाजीत मीठ कमी आहे यावर बोलायचो.

आज सकाळी म्हणाले, मी स्वतःच कंपनीला लिहीन, निमिषच्या आधी. लिहितील की नाही, मला खात्री नाही. हे तुला लिहिताना माझा जीव तुटतोय, पण नाही. ते शुक्रवारी म्हणतील, सोमवारी लिहितो. म्हणून तू त्यांच्यावर थांबू नकोस. ते सोयीचं वाक्य लिहू नकोस, खरं लिही. त्यांची नोकरी जाईल, जाऊ दे. माझी शाळा आहे. आमचं घर त्या नोकरीमुळं उभं आहे की दुसऱ्या कशामुळं, ते एकदा मलाही बघायचंय. मोडलं तर तू मोडलंस असं मी म्हणणार नाही. तुला ती नोकरी मिळेल असंही मी म्हणत नाही. त्या विश्वजित सरांवर माझाही विश्वास नाही.

फक्त एक कर. तुझ्या पत्रात 'माझ्या बहिणीला यातलं काहीच माहीत नव्हतं' असं वाक्य येणार, मी तुला ओळखते. मला वाचवायला तू ते घालशीलच. घालू नकोस. आईला देवळात कुणी पाठवलं ते लिही. माझ्या सांगलीच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी मी घातली होती, तेही लिही, आणि खाली माझं नाव पूर्ण लिही. नाव कसं लिहायचं ते खाली देते आहे.

तुझी ताई,
सौ. क्षमा अनीश शेंडे